पुराचा धोका समजावण्यासाठी पडद्यावरचा पूर कितपत उपयोगी पडतो?

खडूफळा (धागाकर्ता) | ४ मे, रात्री ९.१०

करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठावरील एका गावातील माध्यमिक शाळेत मी भूगोल शिकवतो. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे दरवर्षी पूरप्रबोधनाचा कार्यक्रम होतो आणि त्याचे स्वरूपही ठरलेले असते: एक पत्रक, दोन भाषणे आणि चहा. यंदा पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने गावाचे सिम्युलेशन तयार करून आणले. टॅबलेटच्या पडद्यावर पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बोटाने वर सरकवली, की नदी पात्राबाहेर पडते आणि एकेक गल्ली निळी होत जाते. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी आणि २०२१ मध्ये पाणी ५६ फुटांवर गेले होते, हे सगळे त्यात आहे.

मुले त्यावर तुटून पडली. मात्र ती नेमके काय करत आहेत, हे थोडा वेळ पाहिल्यावर माझा उत्साह ओसरला. पातळी थेट शेवटाला नेऊन मुख्याध्यापकांचे घर बुडवायचे, मग ती खाली आणायची आणि पुन्हा बुडवायचे, एवढेच चालले होते. मोठी माणसे मागे उभी राहून कौतुकाने पाहत होती. त्यांतील सत्तरीच्या एका आजोबांनी एकच प्रश्न विचारला, "माझ्या उंबऱ्याला किती फुटाला लागतंय, तेवढं सांग." त्याचे उत्तर पडद्यावर नव्हते, कारण संगणकाला गल्ल्या ठाऊक होत्या, जोत्यांची उंची ठाऊक नव्हती.

आमच्या गावात माहितीचा तुटवडा नाही. २००५ चा पूर ज्यांच्या दारापर्यंत आला नव्हता, त्यांनी २०१९ मध्ये तीच खूण प्रमाण मानली आणि सामान माळ्यावर चढवून घरातच थांबले. पुढे त्यांना बोटीतून बाहेर काढावे लागले. अशा सिम्युलेशनमुळे माणसाच्या वागण्यात फरक पडतो का, आणि पडत असेल तर ते कसे असावे, यावर अनुभव असलेल्यांनी लिहावे, ही विनंती.

गोटीसोडा | ४ मे, रात्री ९.३२

मुख्याध्यापकांचे घर किती फुटांवर बुडते, हे त्या मुलांना आता आयुष्यभर लक्षात राहील. प्रबोधनाचा हेतू अंशतः सफल झाला, असे मानायला हरकत नसावी.

निशिकासाईकर | ५ मे, सकाळी ६.०५

मी तोक्योच्या एदोगावा भागात राहते. इथे बरीच भारतीय कुटुंबे आहेत, त्यांत मराठीही आहेत. आमच्याकडे भूकंपाच्या रंगीत तालमीसाठी एक ट्रक येतो. त्याच्या मागच्या बाजूला टेबल मांडलेली एक छोटी खोली असते. आपण आत बसलो, की ती खोली हलवली जाते, अगदी जपानी मापनातील सर्वोच्च, म्हणजे ७ तीव्रतेपर्यंत. टेबलाखाली जायचे आणि त्याचा पाय घट्ट धरायचा, हे मला तोंडपाठ होते. प्रत्यक्षात मी पहिली काही सेकंदे खुर्चीलाच धरून बसले आणि टेबलाखाली जायचे सुचले तेव्हा मला उठताच येईना. इकेबुकुरोच्या अग्निशमन दलाच्या केंद्रात निरुपद्रवी धुराने भरलेल्या खोल्यांतून वाकून, भिंतीला हात लावत बाहेर पडण्याचा सरावही करून घेतात. ते वाकणे माझ्या कंबरेच्या अजून लक्षात आहे.

आता दुसरी बाजू सांगते. २०१९ च्या मे महिन्यात आमच्या पालिकेने पुराच्या धोक्याचा नवा नकाशा घरोघर वाटला. त्याच्या मुखपृष्ठावरच, इथे थांबून चालणार नाही, अशा अर्थाचे वाक्य छापले होते. हा भाग मोठ्या नद्यांच्या मुखाशी आहे आणि त्यातील बरीच जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. इतके स्पष्ट बोलणारी सरकारी पुस्तिका मी तोवर पाहिली नव्हती. त्याच ऑक्टोबरात हगिबिस वादळ आले, तेव्हा आमच्या इमारतीतील मराठी मंडळींच्या गटावर "सातव्या मजल्यावर पाणी येत नाही" या एकाच मुद्द्याची रात्रभर उजळणी चालली होती. आणि पाणी आठवडा-दोन आठवडे हटले नाही तर सातव्या मजल्यावरून उतरून जायचे कुठे, हेही त्याच नकाशात सांगितलेले होते. नकाशा आम्ही सर्वांनी वाचला होता. ट्रकमध्ये मात्र आमच्यापैकी फार थोडे जण बसले होते.

चिंचोका | ५ मे, सकाळी ११.२०

मी पूररेषांसंबंधी गावोगावी बोलतो, तेव्हा संगणक नेत नाही. एक पत्र्याचा डबा नेतो. आपल्याकडे निळी पूररेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची धरतात. "२५ वर्षांतून एकदा" हे शब्द ऐकले, की लोकांना वाटते की एकदा येऊन गेला, आता २५ वर्षे निवांत. वास्तविक त्याचा अर्थ, कोणत्याही एका वर्षी असा पूर येण्याची शक्यता २५ पैकी १, एवढाच आहे. नदी मागच्या वर्षीचा हिशोब ठेवत नाही.

डब्यात मी २४ चिंचोके आणि १ गुंज टाकतो. न बघता एक दाणा काढायचा, तो दाखवायचा, परत टाकायचा आणि डबा हलवायचा. झाले एक वर्ष. निळ्या रेषेवर घर बांधणाऱ्याला मी त्याच्या गृहकर्जाच्या मुदतीइतक्या वेळा दाणा काढायला लावतो. २० वर्षांच्या कर्जात गुंज निदान एकदा तरी हाती येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के आणि ३० वर्षांत सुमारे ७१ टक्के आहे. लाल रेषेसाठीही ३० वर्षांत ती २६ टक्क्यांच्या आसपास जाते. आकडे सांगितले तर माना डोलतात. पण एका गावात एका गृहस्थांना तिसऱ्या आणि चौथ्या खेपेस लागोपाठ गुंज आली, तेव्हा सगळी चावडी गप्प झाली. "लागोपाठ कशी येईल?" असे ते म्हणाले आणि स्वतःच थांबले, कारण २०१९ आणि २०२१ त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

अर्धाकप | ५ मे, दुपारी ३.४८

चिंचोका, डबा आवडला, तरीही एक आक्षेप नोंदवतो. राल्फ हर्टविग, इडो एरेव आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले, की विरळ घटनेची शक्यता शब्दांत सांगितली तर माणसे तिला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देतात. पण तीच शक्यता स्वतः नमुने काढून अनुभवायला दिली, तर कमी महत्त्व देतात. याचे एक कारण साधे आहे. थोडे नमुने काढले, तर विरळ घटना बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही. तुमच्याच डब्यातून कोणी १० वेळा दाणा काढला, तर गुंज एकदाही न दिसण्याची शक्यता ६६ टक्क्यांहून जास्त आहे. म्हणजे तिघांपैकी दोघे "यात नुसते चिंचोकेच आहेत" असा अनुभव घेऊन घरी जातील, आणि हा अनुभव स्वतःच्या हातांनी घेतलेला असल्यामुळे तो पत्रकाहून पक्का बसेल. २००५ ची खूण प्रमाण मानणाऱ्यांचे याहून वेगळे काय झाले? त्यांनी खऱ्या नदीतून मोजकेच दाणे काढले होते.

चिंचोका | ५ मे, सायंकाळी ६.१५

हरकत मान्य आहे. म्हणूनच मी १० वर थांबू देत नाही आणि शेवटी डबा सर्वांसमोर उपडा करतो, म्हणजे ज्याला गुंज मिळाली नाही त्यालाही ती आत होती हे दिसते. शक्य असेल तेव्हा सभेतील प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र डबा देतो. मग आपल्याला नाही, तरी शेजाऱ्याला गुंज आलेली दिसते.

गोटीसोडा | ५ मे, सायंकाळी ६.२२

उपडा करण्याआधी कोणी गुंज खिशात घातली, तर गाव पूरमुक्त जाहीर करणार का?

चिंचोका | ५ मे, सायंकाळी ६.४०

एकदा तसे खरोखर झाले आहे. लहान मुलाने नेली होती. तेव्हापासून सुट्या गुंजांची पुडी जवळ बाळगतो.

जुनीवही | ६ मे, सकाळी १०.०२

२००५, २०१९ आणि २०२१. सतरा वर्षांत तीन महापूर. हे तिन्ही निळ्या रेषेच्या तोडीचे धरले, तर डब्यात एकच गुंज आहे यावर विश्वास कसा ठेवायचा? शिवाय कर्नाटकातील अलमट्टी धरणामुळे मागे चढणाऱ्या पाण्याचा, म्हणजे फुगवट्याचा विचार या डब्यात कुठे आहे?

अर्धाकप | ६ मे, सकाळी ११.३०

एकच गुंज असलेल्या डब्यातून १७ वेळांत ती ३ किंवा अधिक वेळा येण्याची शक्यता ३ टक्क्यांच्या खाली आहे. अशक्य नाही, पण शंका घेण्याजोगी नक्कीच आहे. त्यातही आपण मोजणी २००५ पासून, म्हणजे पुराच्याच वर्षापासून सुरू केली आहे, त्यामुळे हा आकडा आपल्या सोयीचा निघतो, हे ध्यानात ठेवावे. पावसाची तऱ्हा बदलते, पात्रात भराव पडतात, ओढे बुजतात. गुंजा वाढल्या असण्याची शक्यता मी नाकारत नाही. प्रबोधनात हेही दाखवता येईल: डब्यात दोन गुंजा टाकून तोच खेळ पुन्हा खेळावा. अलमट्टीवर मात्र इथे लिहू नये, कारण तो विषय निघाला की धाग्याची पातळी धोक्याच्या खुणेवर जाते.

उगाचएक | ६ मे, दुपारी १.१५

संयुक्त राष्ट्रांच्या आपत्तिनिवारण विभागाने काढलेला 'स्टॉप डिझास्टर्स' हा संगणकीय खेळ मी मुलीबरोबर बराच खेळलो आहे. ठरावीक पैसे आणि ठरावीक वेळ मिळतो, त्यात घरे, शाळा, बंधारे, इशाऱ्याची यंत्रणा उभी करायची, आणि शेवटी पूर, त्सुनामी किंवा भूकंप येऊन तुमच्या निर्णयांची परीक्षा घेतो. पैसे शाळेच्या मजबुतीवर घालायचे की नव्या घरांवर, यावर आमचे खरोखरचे भांडण झाले, आणि मला तेच त्या खेळाचे यश वाटते. दोष एकच, गाव वाहून गेले तरी एका टिचकीत नवे मिळते. तुमच्या मुलांनी मुख्याध्यापकांचे घर पुनःपुन्हा बुडवले, त्याचे मूळ यातच आहे.

माळवद | ६ मे, रात्री ८.५०

वरील मुद्द्याला जोडून लिहितो. मी उमरगा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३.५६ वाजता, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी सातवीत होतो. माणसे जमिनीच्या हलण्याने गेली नाहीत; मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची वजनदार धाबी अंगावर आल्यामुळे गेली. त्यानंतर आमच्याकडे दगडाचीच धास्ती बसली. वास्तविक भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड आणि दरवाजाच्या वरून चारही भिंतींना फिरवलेला एक पट्टा असता, तर त्याच दगडाने माणसांना बाहेर पडण्याइतका वेळ दिला असता.

हे मी शाळेतल्या मुलांना कॅरम बोर्डावर दाखवतो. बोर्डाखाली गोट्या पसरायच्या आणि वर खडे व मातीच्या दोन बुटक्या खोल्या बांधायच्या, एक साधी आणि दुसरी बांबूच्या कामटीचा पट्टा फिरवलेली. मग दोघांनी बोर्ड धरून हलवायचा. साध्या खोलीची भिंत आधी पोटातून फुगते, मग तिचे बाहेरचे अंग सुटून पडते आणि त्यामागोमाग छप्पर बसते. दुसरीला भेगा पडतात, पण ती उभी राहते. मुले लगेच "परत, परत" असा गलका करतात. मी म्हणतो, करू, पण पडलेली खोली तुम्ही बांधा. त्यात त्यांचा तास जातो. दुसऱ्या वेळी बोर्ड कोणी उगाच हलवत नाही.

सह्यकडा | ७ मे, सकाळी ९.२५

भूशास्त्राचा माणूस म्हणून एक सावधगिरीची सूचना करतो. पुराची पातळी फुटांत मोजता येते आणि ती वर चढायला काही तास तरी लागतात. दरडीचे तसे नसते. ३० जुलै २०१४ ला माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी, दोन्हीकडे डोंगर वस्तीवर आला तो सावरायला वेळ न देता. त्यातही इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील मंडळींनी विकसित केलेली वाळूची पेटी काही विज्ञानकेंद्रांतून पाहायला मिळते. वाळूचे डोंगर हातांनी रचले, की वरचा कॅमेरा उंची मोजतो, प्रोजेक्टर त्यावर समोच्च (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या) रेषा आणि रंग टाकतो आणि हात वर धरला की आभासी पाऊस पडून पाणी उतारावरून वाहते. पाणलोट समजावण्यासाठी मला याहून चांगले साधन ठाऊक नाही. पण लोक तीत आपला डोंगर रचतात आणि "इथे पाणी येत नाही, म्हणजे इथे धोका नाही" असे म्हणून मोकळे होतात. जमिनीत मुरलेल्या पाण्याने मातीची पकड सुटते, हे त्या पेटीला दाखवता येत नाही. जे साधन एका जागेला लाल रंग देते, ते उरलेल्या सर्व जागांना न बोलता हिरवा रंग देत असते. त्यामुळे डोंगराखालच्या वाड्यांत मी पडदा नेत नाही; लोकांना घेऊन उतारावर जातो आणि नवी भेग, कललेला खांब, अचानक गढूळ झालेला झरा कसा ओळखायचा, ते दाखवतो.

शेणसडा | ७ मे, रात्री १०.४०

खडूफळा सर, आजोबांचा प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. उंबऱ्याला पाणी लागण्याच्या आधी रस्ता बंद होतो.

२०१९ ला आमच्या घरात दोन म्हशी होत्या, त्यांतली एक गाभण. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दुपारीच गावात दवंडी फिरली. सासरे म्हणाले, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे अजून उघडलेले नाहीत, सकाळी बघू. मी कपडे आणि औषधे पिशवीत भरून ठेवली होती, पण पिशवी भरणे आणि निर्णय घेणे या आमच्या घरात दोन वेगळ्या माणसांच्या गोष्टी आहेत. पहाटे मी बाहेर येऊन पाहिले, तर अंगण कोरडे आणि वेशीजवळच्या खोलगट जागेत कंबरभर पाणी. घर कोरडे होते, म्हणूनच आम्ही अडकलो. म्हशींचे दावे सोडले, सासूबाईंना बाजेसकट शेजारच्या स्लॅबवर नेले आणि बोटीची वाट पाहिली.

तुमच्या पडद्यावर पाणी दिसते, पण हे दिसत नाही. दाखवायचेच असेल, तर असा खेळ करा, ज्यात दर खेपेस दोन तास जातात, पाणी थोडे चढते आणि प्रत्येक घराला ठरवावे लागते, की आत्ता निघायचे की थांबायचे. ट्रॅक्टरची ट्रॉली गावात एकच. जनावरांना छावणीत जागा आहे की नाही, हे निघाल्यावरच कळणार. आणि रस्ता किती फुटांवर बंद होतो, ते खेळणाऱ्याला आधी सांगायचे नाही.

निशिकासाईकर | ८ मे, सकाळी ५.५०

शेणसडा ताई, रस्त्याचा मुद्दा मी आमच्या गटावर पाठवला आहे. सातव्या मजल्याची चर्चा अजूनही संपलेली नाही.

उगाचएक | ८ मे, सकाळी १०.१०

त्या खेळात सासऱ्यांची भूमिका सुनांना आणि सुनांची सासऱ्यांना द्यावी, अशी सूचना करतो. पुराबरोबर इतरही काही समजुती वाहून जातील.

खडूफळा (धागाकर्ता) | २१ जून, रात्री ९.३०

उशिरा लिहीत आहे, पण कार्यक्रम झाल्यावरच लिहायचे, असे ठरवले होते.

टॅबलेट आम्ही बाजूला ठेवला नाही, त्याचे काम बदलले. आधी नववीच्या मुलांनी गवंड्याकडून पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली. २०२१ च्या पुराची खूण देवळाच्या भिंतीवर अजून आहे आणि तेव्हा बंधाऱ्यावर ५६ फूट होते, हे माहीत आहे. नळीचे एक टोक खुणेशी धरून दुसऱ्या टोकाने मुलांनी एकेका घराचे जोते त्या खुणेपासून किती खाली आहे, ते मोजले. हा हिशोब ढोबळ आहे, कारण नदीचे पाणी सगळीकडे एका पातळीत नसते. पण एका गावापुरता तो चालून जातो. आजोबांचा उंबरा ५१ फुटांवर आला. मग ताईंच्या सांगण्यावरून वेशीजवळची खोलगट जागा मोजली. ती ४४ निघाली. आजोबांनी दोन्ही आकडे ऐकले, थोडा वेळ बोटांवर मोजले आणि म्हणाले, "म्हणजे सात फूट मला घर कोरडं दिसणार आणि वाट नसणार." मी वीस वर्षे भूगोल शिकवतो, मला हे वाक्य सुचले नव्हते.

खेळ आम्ही पुठ्ठ्यावर केला आणि पातळी तेवढी टॅबलेटवर दाखवली, परत खाली न आणण्याच्या अटीवर. भूमिका बदलण्याची सूचनाही पाळली. पहिल्या डावात बहुतेक घरे "अजून दोन तास बघू" म्हणत अडकली. सुनेची भूमिका मिळालेले एक सासरे चार वेळा "निघूया" म्हणाले, आणि त्यांचे कोणी ऐकले नाही म्हणून खरोखर रागावले. दुसऱ्या डावात लोक लवकर निघाले, पण सगळे एकदमच निघाल्याने ट्रॉली अपुरी पडली. त्यावरून ट्रॉल्यांची यादी तिथल्या तिथे झाली, आणि ती भिंतीवर लागली आहे. खऱ्या पुरात यातले किती टिकेल, हे मी आज सांगू शकत नाही.

डबाही फिरवला. चौदाव्या खेपेस सरपंचांना गुंज आली.

गोटीसोडा | २१ जून, रात्री ९.४१

आणि मुख्याध्यापकांचे घर?

खडूफळा (धागाकर्ता) | २१ जून, रात्री १०.०५

४९ फूट. मुलांनी सर्वांत आधी तेच मोजले.

आता प्रत्येक घराच्या चौकटीवर त्याचा आकडा ऑइलपेंटने लिहायचे काम चालू आहे. आजोबांनी स्वतः ब्रश हातात घेऊन ५१ लिहिले आणि शेजारी, लहान अक्षरांत, ४४ लिहिले. त्यांच्या शेजाऱ्यांनी मात्र लिहू दिले नाही, कारण त्यांना घर विकायचे आहे.

चिंचोका | २१ जून, रात्री १०.२०

त्या घराला गिऱ्हाईक आले, तर त्याच्यासमोर डबा न्यावा का, यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.